उसन्या पापण्या

वाचकांस, आणि विशेषतः वाचक भगिनींस, ह्या लेखाचे शीर्षक पाहून हसू येईल हे आम्ही जाणून आहो. ज्या माणसाने बत्तीस वर्षे मुलांकडून शब्दरूपे घोकून घेतली, ज्याच्या स्वतःच्या प्रसाधनाची मजल खोबरेल तेल आणि फणी ह्यांपलीकडे कधी गेली नाही, त्याने बायकांच्या डोळ्यांस चिकटवावयाच्या नकली केसांविषयी लिहावे, हा काळाचा महिमा म्हणावा की म्हातारचळ म्हणावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु ह्या विषयाशी आमचा संबंध हौसेने जडलेला नाही. तो आमच्या हातून घडलेल्या एका अन्यायामुळे जडला आहे, आणि त्याची थोडीबहुत भरपाई व्हावी म्हणूनच ती हकीकत, व तिच्या ओघात आम्ही शिकलेली विद्या, वाचकांपुढे ठेवीत आहो. हे लिहिण्यास जिची परवानगी घेणे अवश्य होते, तिची ती घेतली आहे.

प्रथम शब्दाविषयी. मराठीत डोळ्यावरील कातड्याच्या झाकणास आपण पापणी म्हणतो आणि त्या झाकणाच्या कडेला असलेल्या केसांसही पापणीच म्हणतो. संस्कृतात हा घोटाळा नाही. झाकण ते वर्त्म आणि केस ते पक्ष्म. अमरकोशाने पक्ष्म शब्दाचे डोळ्याचा केस, फुलातील केसर आणि धाग्यासारख्या वस्तूचा अतिसूक्ष्म अंश असे अर्थ दिले आहेत. दाट व लांब पापण्यांच्या स्त्रीस पक्ष्मलाक्षी म्हणण्याची कवींची चाल जुनी आहे. तेव्हा ह्या आवडीचे खापर केवळ पाश्चात्यांच्या माथी फोडता येणार नाही. ह्या लेखात पापणी म्हणजे केस असेच समजावे. कातड्याविषयी बोलावयाचे असेल तेथे तसे स्पष्ट सांगू.

नकली पापणी मात्र अर्वाचीन आहे. १९०२ साली कार्ल नेस्लर ह्या जर्मन केशकारागिराने लंडनमध्ये कृत्रिम भुवया व पापण्या तयार करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. हाच गृहस्थ पुढे केस कायमचे कुरळे करण्याच्या यंत्रामुळे प्रसिद्धीस आला. १९११ साली ॲना टेलर नामक कॅनडाच्या बाईंनी अर्धचंद्राकृती पट्टीवर केस बसविलेल्या पापण्यांचे पेटंट अमेरिकेत मिळविले. आज बाजारात मिळते ती वस्तू तिचीच नात-पणती होय. १९१६ सालच्या 'इन्टॉलरन्स' ह्या मूकपटात दिग्दर्शक ग्रिफिथ ह्यास आपल्या राजकन्येच्या पापण्या गालांस लागाव्यात इतक्या लांब हव्या होत्या. टोप करणाऱ्या कारागिराने तलम जाळीत माणसाचे केस विणून त्या तयार केल्या आणि नाटकात मिशा चिकटविण्यास जो राळेचा द्रव वापरतात त्यानेच त्या नटीच्या डोळ्यांस लावल्या. सीना ओवेन हे त्या नटीचे नाव. एके दिवशी ती डोळे जवळजवळ मिटण्याइतके सुजलेल्या अवस्थेत कामावर आली, असे तिच्या बरोबरीच्या नटीने, लिलियन गिश हिने, पुढे नमूद केले आहे. म्हणजे पापणी आणि पापणीचा ताप ही दोन्ही एकदमच जन्मास आली म्हणावयाची.

हल्ली ह्या मालाचा फार मोठा भाग चीनमधील शांडोंग प्रांतातल्या पिंगडू भागात तयार होतो. इंडोनेशियात मध्य जावामधील पुर्बालिंगा हे गावही ह्याच धंद्यावर नावारूपास आले आहे. तेथे बाया एकेक केस दोऱ्यावर हाताने गाठवितात. आपल्याकडे बांगड्यांच्या दुकानात चिमुकल्या डबीतून जी जोडी हाती येते, तिच्यामागे कोणा अनोळखी बाईच्या डोळ्यांचे तेल जळालेले असते. हे कळल्यावर एकदा लावून केरात टाकण्याची फॅशन आम्हांस विशेषच खटकू लागली.

आमची आणि ह्या वस्तूची पहिली भेट तीन वर्षांपूर्वी झाली. पहाटे तोंड धुण्यास गेलो असता बेसिनच्या काठावर काळा, केसाळ, किंचित वाकलेला असा एक प्राणी दिसला. सुरवंट असावा असे वाटून आम्ही चपलेने त्याचा तत्काळ निकाल लावला. मग चष्मा लावून पाहतो तो सुरवंटास ना पाय, ना पोट, आणि एका बाजूस दोऱ्यासारखी पट्टी! घरात पुष्कळ हशा पिकला. ती पापणी आमच्या धाकट्या सूनबाईची होती. ती मात्र हसली नाही. तिने कागदाच्या कपट्यावर तो अवशेष उचलला आणि ती निमूटपणे आत गेली. त्या दिवशी ती बँकेत कामावर गेली नाही, हे आमच्या ध्यानात आले होते. परंतु दोहोंचा संबंध जोडण्याइतकी बुद्धी आम्हांस झाली नाही.

त्यानंतर सूनबाईच्या पापण्या हा घरातील थट्टेचा विषय होऊन बसला. ती रोज त्या लावून कामावर जाई आणि घरी परतल्यावरही निजेपर्यंत काढीत नसे. आम्ही त्यास नटवेपणा समजलो, आणि पानावर बसल्याबसल्या एकदोनदा तसे बोलूनही दाखविले.

गेल्या वैशाखात आमच्या थोरल्या मुलाच्या मुलाची मुंज झाली. आमचे कुटुंब एकत्र आहे; आम्ही तिघे भाऊ, मुले, सुना आणि नातवंडे मिळून रोज सोळा पाने मांडली जातात. मुंजीच्या आदल्या संध्याकाळी घरच्या तिघी मुलींनी नाचाचा कार्यक्रम बसविला होता: आमची तेरा वर्षांची नात आणि पुतण्याच्या दोघी मुली, एक अकरा वर्षांची व एक आठ. नातीजवळ आदल्या वर्षीच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमातील पापण्यांचा एक जोड होता. तो सगळा पावसाळा बांगड्यांच्या डब्यात पडून राहिलेला. एक जोड तिघींस कसा पुरावा? म्हणून मुली काकूकडे गेल्या. काकूच्या कपाटात दोन डब्या असतात हे त्यांस ठाऊक होते. काकूने नाही म्हटले. "त्या माझ्या आहेत गं. एकीच्या दुसरीनं लावायच्या नसतात," एवढेच ती बोलली.

मुली रडवेल्या तोंडाने आमच्याकडे आल्या. मांडवात पाहुणे होते, सूनबाईच्या माहेरची माणसेही होती. "ज्या घरात तीन पिढ्या एका चुलीवर जेवल्या, त्या घरात केसांच्या दोन पट्ट्यांसाठी असा दुजाभाव शोभत नाही," असे आम्ही सर्वांदेखत म्हणालो. शिक्षकाचा आवाज, तो मांडवाच्या टोकापर्यंत पोचला असला पाहिजे. सूनबाईने मान खाली घातली आणि ती माजघरात गेली. मुलींनी मग तो एकच जोड पाळीपाळीने वापरला. एकीचा नाच संपला की पडद्याआड तिच्या डोळ्यांवरून काढून दुसरीच्या डोळ्यांस लावावयाचा! नाच सुरेख झाले, आणि आम्ही प्रत्येकीस शंभर रुपये बक्षीस दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वर्षांच्या मुलीचे डोळे उघडेनात. चिपडांनी दोन्ही कडा चिकटलेल्या, लाल झालेल्या. दुपारपर्यंत दुसरीचे डोळे चुरचुरू लागले आणि दुसऱ्या दिवशी नातीचे. गावातील नेत्रवैद्य बाईंनी तिघींस तपासले आणि डोळे आले आहेत, शिवाय पापण्यांच्या मुळांशी दाह आहे, असे निदान केले. त्यांनी त्या पापण्या मागवून घेतल्या, भिंगाखाली ठेवल्या आणि आम्हांसही पाहण्यास सांगितले. पट्टीवर जुन्या चिकटद्रवाच्या गाठी होत्या. त्यांत कोंड्यासारखे पापुद्रे, काजळाची कीट आणि कोणा एकीचा खरा केसही अडकलेला होता. "आजोबा, दुसऱ्यानं जेवलेल्या पत्रावळीवर तुम्ही जेवाल का?" बाईंनी विचारले. ह्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. औषधाचे थेंब, कोमट पाण्याचा शेक आणि प्रत्येकीचा पंचा वेगळा, असा उपचार सुरू झाला. आठ दिवसांत डोळे निवळले. धाकटीस रांजणवाडी झाली ती मात्र तीन आठवडे पुरली.

डॉक्टरबाईंनी त्या वेळी जे समजावून सांगितले, त्याचा सारांश असा. वरच्या कडेला साधारण नव्वद ते दीडशे केस असतात, खालच्या कडेला त्याहून कमी; प्रत्येक केस काही महिने जगतो, गळतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. ह्या केसांच्या मुळांशी आणि त्यांच्यालगत तेल स्रवणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. ते तेल अश्रूंवर पातळ थर धरते आणि डोळा लवकर कोरडा पडू देत नाही. तेथे चिकटद्रवाचे किटण साचले की ग्रंथींची तोंडे बुजतात आणि जंतूंस आसरा मिळतो. ह्या केसांच्या लांबीसही काही अर्थ आहे. अटलांटा येथील जॉर्जिया टेक संस्थेतील संशोधकांनी बावीस जातींच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजून २०१५ साली असे दाखविले की, पापणीची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एकतृतीयांश असते, आणि तेवढ्याच लांबीने वारा व धूळ डोळ्यापासून सर्वांत चांगली अडते. त्याहून लांब झाली की ती नरसाळ्यासारखी होऊन वारा उलट आत वळविते. गालांस लागणाऱ्या पापण्यांची हौस असणाऱ्या मुलींनी हे ध्यानात ठेवावे. आखूड पापणी शोभते, टिकते आणि डोळ्यासही मानवते.

त्याच रात्री निजानीज झाल्यावर सूनबाई आमच्या खोलीत आली. आमच्या सौभाग्यवती जवळच बसल्या होत्या. तिच्या हातात एक डबी, कोमट पाण्याची वाटी आणि मलमलीचा स्वच्छ तुकडा होता. "अप्पा, आई, मला काही दाखवायचंय," असे म्हणून ती दिव्यासमोर बसली, तुकडा भिजवून पिळला आणि मिटल्या डोळ्यांवर ठेवला. थोड्या वेळाने तिने दोन्ही पापण्या सोडविल्या आणि आमच्याकडे पाहिले. वरच्या कडेला एकही केस नव्हता. खालीही दोनचारच. कपाळावर कुंकू होते, मुद्रा नेहमीचीच होती. परंतु ज्या डोळ्यांकडे आम्ही पाच वर्षे रोज पाहत आलो, ते आम्ही खरोखर कधी पाहिलेच नव्हते असे वाटले.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला चाई झाली होती. सुश्रुताने क्षुद्ररोगांत ज्यास इन्द्रलुप्त म्हटले आहे तोच हा विकार असावा. आधुनिक वैद्यकाप्रमाणे शरीराचे रक्षक पेशीच आपल्या केसांच्या मुळांस परके समजून त्यांजवर चाल करून जातात. तो संसर्गाने होत नाही, त्यात रोग्याचा काही दोष नसतो. केस कधी आपोआप परत येतात, कधी येत नाहीत. डोक्यावरचे डाग तिने केस वळवून झाकले होते. पापण्या झाकण्यास दुसरा उपाय नव्हता. आमच्या चिरंजीवास हे ठाऊक होते. घरात सांगू नये, अशी तिनेच त्यास शपथ घातली होती. बेसिनच्या काठावर आम्ही चपलेने ज्याचा निकाल लावला, तो त्या आठवड्यात तिच्यापाशी असलेला एकच जोड होता.

सासऱ्याने सुनेची क्षमा मागण्याची चाल आमच्या घरात नाही. आम्ही मागितली. ती म्हणाली, "क्षमा राहू द्या, अप्पा. मुली मोठ्या होतायत, त्या ह्या लावणारच. त्या कशा ठेवायच्या ते मी सांगते, तुम्ही लिहून घ्या. तुमचं त्या ऐकतील." तेव्हा पुढील मजकूर आमचा नव्हे, सूनबाईचा आहे, आम्ही केवळ लेखनिक.

नकली पापण्यांचे प्रकार अनेक. एकेका खऱ्या केसास एकेक नकली केस चिकटविण्याचा जो प्रकार आहे, तो कुशल हातानेच करून घ्यावा लागतो, त्याचा चिकटद्रव फार कडक असतो आणि तो केस पुन्हा वापरण्याचा प्रश्नच येत नाही. ज्यांस स्वतःच्या पापण्याच नाहीत त्यांस तर तो बादच. लोहचुंबकाने बसणाऱ्या पापण्याही निघाल्या आहेत. त्या, आणि त्यांसाठी लावलेली लोहयुक्त काळी रेघ, एमआरआय तपासणीपूर्वी आठवणीने काढावयास हव्या. पुन्हा वापरता येण्याजोगी, घरात निगा राखण्यासारखी, ती पट्टीची पापणी. तिचे केस बहुधा कृत्रिम धाग्याचे असतात, काहींत माणसाचे, आणि महागड्या मालात मिंक नावाच्या प्राण्याचे. ह्या शेवटच्या प्रकाराविषयी सूनबाईचे मत प्रतिकूल आहे. आम्ही रेशमी सोवळे नेसून पूजा करणारे, तेव्हा त्याबाबत फार मोठ्याने बोलत नाही.

नवी पापणी आणल्यावर ती प्रथम डोळ्यावर धरून पाहावी आणि जास्त असल्यास कानाकडील टोकाने कात्रीने कापावी. नाकाकडील बाजूचे केस आखूड असतात. तिकडून कापल्यास लांब केस डोळ्यात टोचतात. चिकटद्रव नवा असेल तर त्याचा ठिपका कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. पुष्कळ द्रवांत रबराचा चीक असतो, आणि काहींच्या अंगास तो मुळीच सोसत नाही. खाज किंवा पुरळ उठल्यास ती बाटली घरात ठेवू नये. द्रव पट्टीस लावावा, डोळ्यास नव्हे. लावल्याबरोबर चिकटवू नये, अर्धा मिनिट थांबावे म्हणजे तो चिकट होतो आणि थोडक्यात भागते. पट्टी केसांच्या रेषेच्या किंचित वर, कातड्यावर बसवावी; आतल्या ओल्या कडेवर कदापि नाही. नकली केसांस वरून मस्कारा फासू नये, कारण तो धुताना पापणीचे आयुष्य संपते.

काढण्याची रीत ही सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिथेच उतावळेपणा होतो. कार्यक्रम संपला, मुलगी दमली, की ती पापणी ओरबाडून काढते. पट्टी वाकते, आणि तिच्याबरोबर स्वतःचे चार केसही निघून येतात. असे वारंवार झाले तर मुळे कायमची दुबळी होतात. हात स्वच्छ धुऊन, कोमट पाण्यात भिजविलेले मऊ फडके मिटल्या डोळ्यावर मिनिटभर धरावे. द्रव सैल झाला की कानाकडील टोकापासून, केसांस न धरता पट्टीस धरून, हळूहळू नाकाकडे सोडवीत यावे. न सुटल्यास ओढू नये, पुन्हा फडके ठेवावे. खोबरेल तेलाने ती सहज सुटते हे खरे. परंतु ते तेल पट्टीत मुरते, आणि तेलकट पट्टीस पुढच्या वेळी द्रव धरीत नाही. तेल वापरलेच तर पट्टी नंतर साबणाच्या पाण्याने पुसून काढावी. पापण्या लावून निजणे म्हणजे तर डोळ्यांशी वैर.

मग स्वच्छता. पांढऱ्या कागदावर पापणी ठेवून पट्टीवरील वाळलेला द्रव चिमट्याने सोलावा. शाळेत मुले तळहातावर डिंक वाळवून त्याचा पापुद्रा सोलीत बसतात, आणि आम्ही त्यासाठी कितीएकांस उभे केले आहे. तीच क्रिया येथे कामास येते. एका टोकापासून सुरुवात साधली की सगळा पापुद्रा दोऱ्यासारखा निघतो. पट्टी दुसऱ्या हाताच्या बोटांनी अगदी जवळ धरावी, नाहीतर केसच उपटून येतात. त्यानंतर कापसाची काडी स्पिरिटात किंवा सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून, निथळून, पट्टीवरून केसांच्या टोकाकडे हलकेच फिरवावी; दोन्ही अंगांनी. पाण्यात बुडवून ठेवू नये. माणसाच्या केसांच्या पापण्यांस स्पिरिट वारंवार लावल्यास ते रखरखीत होतात, त्यांस साबणाचे पाणीच बरे. स्पिरिट पूर्ण उडून गेल्याखेरीज पापणी डोळ्याजवळ नेऊ नये. ज्या चिमट्याने हे काम केले तो चिमटाही पुसून ठेवावा.

येथे आमच्या सौभाग्यवतींनी आपल्या अनुभवाची भर घातली. नातीचा पहिला जोड त्यांनी जंतू मरावेत ह्या सद्हेतूने उकळत्या पाण्यात टाकला होता. बाहेर आला तो सरळसोट, एखाद्या जुन्या दात घासण्याच्या ब्रशासारखा! कृत्रिम धाग्यास त्याचा बाक उष्णतेनेच दिलेला असतो आणि उष्णतेनेच तो जातो, हे त्या वेळी कोणास ठाऊक? लहानपणी आम्ही आमच्या मातोश्रींचे गंगावन पाहिले आहे. रिठ्याच्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, विंचरून त्या ते पिशवीत घालून ठेवीत. उन्हात वाळत घातलेले कधी आठवत नाही. ते गंगावन त्यांनी तीस वर्षे वापरले, आणि ते दुसऱ्या कोणी वेणीत घातलेले आम्ही पाहिले नाही. पापणीही तशीच सावलीत, कागदावर वाळू द्यावी. पंखा बंद ठेवावा. आमच्या घरी एक पापणी उडाली ती देवघरात गणपतीच्या आसनाखाली सापडली.

वाळल्यावर ती तिच्या मूळ डबीतील बाकदार पन्हळीवर बसवून ठेवावी, म्हणजे आकार राहतो. डावी आणि उजवी ह्यांची अदलाबदल करू नये. डबी न्हाणीघरात ठेवू नये. आमच्याकडील पावसाळ्यात तर कोरड्या कपाटातही बुरशी येते. म्हणून औषधांच्या बाटल्यांत जी ओल शोषणारी पुडी असते ती सूनबाई डबीत टाकते. डबीच्या बुडास तिने कागद चिकटविला असून त्यावर पहिल्यांदा वापरल्याची तारीख आणि प्रत्येक वापरास एक रेघ, अशी नोंद असते. तो कागद पाहून आमच्यातील हजेरीपट घेणारा मास्तर फार संतोष पावला. साध्या धाग्याच्या पापण्या ती पाच-सहा वेळा वापरते. चांगल्या, माणसाच्या केसांच्या, पंधरा-वीस वेळा. पट्टी वाकली, केस झडू लागले, वास आला, की रेघा कितीही असोत, ती टाकून द्यावयाची. डोळ्यास काही विकार झाला तर त्या वेळी वापरात असलेला जोड आणि चिकटद्रवाची बाटली, दोन्ही केरात. तेथे काटकसर नको.

आता ज्या गोष्टीवरून आम्ही तिला बोललो, त्या गोष्टीविषयी. मनुस्मृतीतील कितीएक वचने त्याज्य आहेत आणि ती टाकली गेली हे योग्यच झाले. परंतु चौथ्या अध्यायात स्नातकाचे नियम सांगताना, दुसऱ्याने वापरलेले जोडे, वस्त्र, जानवे, अलंकार, माळ व कमंडलू वापरू नयेत असे सांगितले आहे. हा श्लोक आम्ही वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिला असेल! त्यात अलंकार हा शब्द आहे. डोळ्यास चिकटविण्याची पापणी हा अलंकार नव्हे तर काय? आमच्या घरी प्रत्येकाचा पंचा वेगळा, जपमाळ वेगळी. जेवताना उष्ट्याचा हात तुपाच्या भांड्यास लागला तर भांडे बाजूस काढतात. आणि ज्या सुनेने हाच नियम पाळला, तिच्यावर आम्ही दुजाभावाचा आरोप केला. एकत्र कुटुंबात पैसा सामायिक असावा, धान्य सामायिक असावे, दुःखही असावे. डोळा सामायिक नसतो.

आमच्या घरी आजीची काजळाची पितळी डबी होती. ती एकाच बोटाने एका मागून एक सात-आठ पोरांच्या डोळ्यांत काजळ घाली. त्या काळी खुपऱ्या हा विकार घरोघर होता. तो असाच बोटांनी, पंच्यांनी, माशांनी एका डोळ्यातून दुसऱ्यात जाई. जुन्या खुपऱ्यांनी पापणीचे कातडे आत वळते आणि केस बुबुळावर घासून दृष्टी जाते. २०२४ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने भारतात हा विकार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिलेला नाही असे मान्य केले. पितळी डबी आम्ही आठवण म्हणून ठेवली आहे, रिकामी.

मुलींनी हा मजकूर वहीत उतरवून घेतला. नातीने मार्गशीर्षातील कार्यक्रमासाठी नवा जोड आणला, त्याच्या डबीखाली स्वतःच्या अक्षरात नाव व तारीख घातली आणि ती काकूस दाखविली. धाकट्या दोघींस आणखी काही वर्षे काजळावरच भागवावे असे ठरले आहे. त्यावर थोडी रडारड झाली.

सूनबाईचे उपचार चालू आहेत. डाव्या डोळ्यावर चार-पाच बारीक केस उगवले आहेत. ते काळे नसून भुरे आहेत, आणि टिकतील की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. परवा संध्याकाळी ती पापण्या न लावता ओसरीवर आमच्याजवळ मेथी निवडीत बसली होती. शेजारच्या काकू हळदीकुंकवाचे बोलावणे घेऊन आल्या. ती उठून आत गेली नाही. तिने त्यांस बसावयास पाट दिला आणि पुढची जुडी सोडली.